व्हायोलिनवादकाचं फिरतं काम: कान कुणाला द्यायचा

मुंबई, पुणे किंवा मडगावात राहून व्हायोलिनवर पोट भरायचं तर एकाच प्रकारच्या संगीताला धरून बहुधा भागत नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण त्याचे मोठे हंगाम वर्षातून दोनच. संगीत नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारी आणि सुट्टीला लागतात. रॉक आणि फ्यूजन बँडचे मोकळ्या मैदानावरचे कार्यक्रम पाऊस संपल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गोव्यात मांडो या कोकणी गीतप्रकाराला मागणी असते ती लग्नसराईत आणि महोत्सवांच्या दिवसांत. हे सगळं एका डायरीत बसवलं तर वर्ष भरतं.

ज्याची बोटं तयार आहेत त्याला या चारही ठिकाणी वाजवता यायला हवं. तरीही एका ठिकाणी उत्तम वाजवणारा दुसरीकडे पहिल्याच तालमीत अडतो, आणि अडण्याचं कारण बोटांत नसतं. प्रत्येक ठिकाणी सूर आणि लय निराळ्याच माणसाच्या ताब्यात असतात. काम स्वीकारताना तारीख आणि वेळ विचारतो तितक्याच सहजपणे स्वतःला विचारावं: इथे मी कुणाच्या मागे जायचं? तारा कुठल्या, माइक कुठला, कागदावर काय लिहायचं, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं.

संगीत नाटक

इथे सूर ऑर्गनचा आणि लय गाणाऱ्या नटाची. जुन्या ऑर्गनमध्ये धातूच्या रीड असतात आणि प्रयोगाच्या दिवशी त्या घासून कुणी सारख्या करत नाही. ऑर्गन ४४० हर्ट्झला नसेल, थोडा चढा किंवा उतरा असेल, तर त्या रात्रीपुरता तोच खरा सूर. मोबाइलवरचा ट्यूनर बंद ठेवायचा. ऑर्गनवाल्यांना एक स्वर दाबून धरायला सांगायचा आणि भाता पूर्ण भरलेला असतानाच त्यावर तार मिळवायची, कारण अपुऱ्या हवेवर रीडचा सूर किंचित हलतो. ऑर्गनऐवजी कीबोर्ड असेल तर हा भाग सोपा होतो.

खरी अडचण पट्टीची. नट काळी १ (पेटीवरची पहिली काळी पट्टी) मध्ये गातो, नटी काळी ४ किंवा काळी ५ मध्ये. काळी १ चा षड्ज म्हणजे सी शार्प. जी, डी, ए, ई अशा पाश्चात्त्य पद्धतीने लावलेल्या व्हायोलिनवर त्या पट्टीत षड्ज-पंचमाची एकही मोकळी तार मिळत नाही. सगळं दाबलेल्या बोटांनी वाजवावं लागतं आणि आवाज कोरडा होतो, कारण मोकळ्या तारांची आस मिळत नाही. म्हणून पंचम-षड्ज-पंचम-षड्ज अशी जुळणी करतात. काळी १ साठी ती अशी निघते: जी तार एक अर्धस्वर चढवून जी शार्प, डी एक अर्धस्वर उतरवून सी शार्प, ए एक अर्धस्वर उतरवून जी शार्प आणि ई तीन अर्धस्वर उतरवून सी शार्प.

या जुळणीचा एक मोठा फायदा आहे. काळी ४ चा षड्ज जी शार्प येतो, म्हणजे नटीच्या पदाला त्याच चार तारा न बदलता षड्ज-मध्यम-षड्ज-मध्यम होतात. मालकंस किंवा बागेश्रीच्या अंगाने जाणाऱ्या पदाला यासारखी सोय नाही. मात्र भूपातलं पद असेल तर जपावं लागतं. भूपात मध्यम वर्ज्य आहे, आणि शेजारच्या मध्यमाच्या तारेला गज चुकून लागला तर तो एक क्षण सगळ्या नाट्यगृहाला कळतो. तिथे गजाचा कोन नेहमीपेक्षा अरुंद ठेवून एकाच तारेवर राहायचं. काळी ५ ला ही जुळणी उपयोगी पडत नाही. तिथे मोकळ्या तारा विसरून जायच्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या पोझिशनमध्ये दाबलेल्या बोटांनीच वाजवायचं.

तार उतरवल्याचे परिणाम आकड्यांत पाहिले की चांगले समजतात. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ई तार तीन अर्धस्वर खाली आणली की तिचा ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. अशी ढिली तार गजाचा नेहमीचा दाब सोसत नाही आणि आवाज फाटतो. म्हणून या जुळणीसाठी जाड गेजची ई तार लावावी. जी तारेचा ताण उलट सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, तेव्हा ती जुनी आणि झिजलेली नसावी. घोडीवरचा (तारा पेलणाऱ्या लाकडी तुकड्यावरचा) एकूण भार बदलला की बाकीच्या तारा बराच वेळ सरकत राहतात, म्हणून मध्यंतरात जुळणी बदलण्याच्या फंदात पडू नये. दोन जुळण्या लागत असतील तर दोन व्हायोलिनं न्यावीत. दुसरं स्वस्तातलं असलं तरी चालतं.

आता लय. लिहिलेल्या भागावर मात्रा मोजत बसणारा वादक नाटकात हमखास चुकतो, कारण नट एखादी ओळ पुन्हा घेतो, तान लांबवतो, कधी अंतराच गाळतो. ऑर्गनवाले त्याच्या तोंडाकडे बघत असतात, ते क्षणात वळतात. आपण कागदात अडकलेलो असलो की मागे राहतो. म्हणून पदाचे शब्द पाठ असावेत. वहीत प्रत्येक पदाच्या वर आधीच्या संवादाची शेवटची दोन वाक्यं लिहायची, त्यातला खुणेचा शब्द अधोरेखित करायचा, आणि त्याखाली पट्टी, ताल, सुरुवात कोण करणार आणि पद कुठे संपतं एवढंच. सरगम लिहायची ती फक्त मुखड्याची आणि मधल्या म्युझिकची.

काय वाजवायचं याबद्दल माझं ठाम मत आहे. ओळ पहिल्यांदा येते तेव्हा व्हायोलिनने गप्प राहावं. प्रेक्षकाला शब्द पोचू द्यावेत. ओळ दुसऱ्यांदा आली की खालच्या सप्तकात, गजाच्या टोकाकडे, हलकी साथ द्यावी. भरणा करायचा तो नट श्वास घेतो तिथे, आणि त्याचा पुढचा शब्द सुरू होण्याआधी संपवायचा. व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांचं वादन ऐकावं: गायकीतले जोर, श्वास आणि शब्दांची तोड गजात कशी उतरते ते तिथे स्पष्ट कळतं.

‘वन्स मोअर’ आला तर पुन्हा कुठून, मुखड्यापासून की अंतऱ्यापासून, हे तालमीतच ठरवून घ्यावं आणि खूण ऑर्गनवाल्यांकडे सोपवावी. अंधारासाठी स्टँडवर पिवळसर उजेडाचा छोटा दिवा लागतो. पांढरा झगझगीत दिवा विंगेतून रंगमंचावर सांडतो आणि प्रकाशयोजना करणाऱ्याची तक्रार रास्तच असते. माइक वाद्याच्या वर ४० ते ५० सेंटीमीटरवर, एफ-छिद्रांकडे (वाद्याच्या अंगावरच्या दोन f आकाराच्या फटींकडे) तोंड करून ठेवला की पुरतो. त्याहून जवळ आला तर गजाची खरखर जास्त येते.

सिंफनी

नाटकाच्या अगदी उलट शिस्त. इथे कान देण्याआधी डोळे द्यावे लागतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे रंगमंचावर १० मीटर पलीकडून येणारा आवाज आपल्यापर्यंत पोचायला जवळजवळ ०.०३ सेकंद लागतात. मागच्या डेस्कवर बसून पलीकडच्या ब्रासचा (पितळी वाद्यांचा) आवाज ऐकून वाजवलं, तर आपला स्वर प्रेक्षकांपर्यंत उशिराच पोचतो. म्हणून कंडक्टरची काठी आणि कॉन्सर्टमास्टरचा (पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाचा) गज यांकडे बघून वाजवायचं आणि कान फक्त शेजाऱ्याशी सूर जुळवायला वापरायचे.

आपला भाग हाती आला की आधी गजाच्या खुणा पाहायच्या. त्या कॉन्सर्टमास्टर ठरवतो आणि त्या पेन्सिलनेच उतरवायच्या, २बी पेन्सिलने, कारण तालमीत त्या बदलतात आणि भाड्याने आलेले कागद स्वच्छ करून परत द्यायचे असतात. डेस्कवर दोघं असतात: प्रेक्षकांच्या बाजूचा वादक भाग विभागला तर वरचा वाजवतो, आतल्या बाजूचा पानं उलटतो आणि त्यासाठी दोन-तीन मात्रा वाजवणं सोडतो. दोघांनीही वाजवत राहून पान उशिरा उलटणं ही नवख्यांची नेहमीची चूक. गज वर की खाली, एवढंच सारखं असून पुरत नाही. गजाचा कुठला भाग, टोक की मध्य की मूठ, हेही सगळ्यांचं एक हवं. आवाजाचा एकसंधपणा त्यातून येतो.

हिंदुस्थानी तालमीतून आलेल्याला इथे दोन गोष्टी सोडाव्या लागतात: पोझिशन बदलताना नकळत येणारी मींड आणि स्वतःचा आवाज वेगळा ऐकू यावा ही ओढ. शेजाऱ्याचा आवाज आपल्या आवाजाइतकाच स्पष्ट ऐकू येत असेल तर आपण योग्य जोरात वाजवतो आहोत.

ऑडिशनसाठी मोत्सार्टच्या तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या कॉन्चेर्तोचा पहिला भाग आणि ऑर्केस्ट्राचे उतारे मागतात. स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान आणि मोत्सार्टच्या ३९व्या सिंफनीचा शेवटचा भाग जगभर विचारले जातात. परीक्षक तिथे वेगापेक्षा लय स्थिर आहे का आणि विराम पूर्ण मोजले जातात का, हे बघतात. स्टाफ नोटेशन वाचणं तर गृहीतच धरलेलं असतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याचे वादक-संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात एवढ्या मोठ्या संख्येने आले त्यामागे ही वाचनाची तयारी होती.

रॉक

लय ड्रमरची, त्यातही हाय-हॅट (पायाने चालणारी झांजांची जोडी) आणि स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) यांची. क्लिक (कानात वाजणारा मेट्रोनोमचा ठोका) असेल तर क्लिकची. सूर गिटारचा. पहिल्या फोनवरच विचारावं: गिटार नेहमीच्या सुरात आहेत की अर्धा सूर खाली? बरेच बँड गायकासाठी अर्धा सूर उतरवतात. गिटारवाला ज्याला ई मायनर म्हणतो ते आपल्या कानाला ई फ्लॅट मायनर असतं. अशा वेळी चारही तारा अर्धा सूर उतरवणं सोपं. ताण ११ टक्क्यांनी कमी होतो, तेवढं वाद्य सहज सोसतं.

बाकी इथलं निम्मं काम विजेचं आहे. ड्रमच्या शेजारी समोर माइक लावून व्हायोलिन ऐकू येणार नाही. त्या माइकमध्ये झांजाच जास्त येतील. दोन पर्याय उरतात. पहिला, घोडीच्या खाचेत बसणारा, तिचं कंपन विजेत बदलणारा पिएझो पिकअप. त्याचा आउटपुट उच्च अवरोधाचा असतो आणि त्याला किमान १ मेगाओहम इनपुट लागतो. सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये जोडला तर खालचे स्वर गळतात आणि उरतो तो नाकातला, पत्र्यासारखा आवाज. साउंडवाले मग इक्वलायझरने तो दुरुस्त करत बसतात, पण दोष जोडणीत असतो. मध्ये एक चांगला प्रीअँप-डीआय (पिकअपचा आउटपुट मिक्सरला जुळता करणारा डबा) हवा, आणि तो स्वतःचा हवा. दुसरा पर्याय, वाद्याला चिमट्याने बसवायचा छोटा कंडेन्सर माइक. त्याला ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरकडून केबलमधून येणारी वीज) लागतो, आवाज जास्त नैसर्गिक येतो, पण मोठ्या आवाजाच्या मंचावर तो लवकर शिट्टी मारतो. बँडसाठी पिएझो, मांडो आणि नाट्यगीतांच्या मैफलीसाठी चिमट्याचा माइक, अशी विभागणी योग्य वाटते.

इक्वलायझरवर तीन गोष्टी. सर्वात खालची मोकळी तार १९६ हर्ट्झची आहे, तेव्हा १६० च्या खालचं सगळं कापून टाकावं. तिथे फक्त पायांची धडधड आणि बेसचा गाळ असतो. वाद्याच्या पोकळीचा स्वतःचा घुमारा २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास असतो. फीडबॅक बहुतेकदा तिथून सुरू होतो, म्हणून तिथे अरुंद खाच पाडावी. आणि पिएझोचा टोचरेपणा २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो. तिथे ३ ते ४ डेसिबल उतरवले की आवाज माणसात येतो. एवढं करूनही शिट्टी येत असेल तर मॉनिटर आपल्या एफ-छिद्रांच्या समोर आहे का बघावं. तो हलवणं हाच उपाय.

डिले (आवाजाचा प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) वापरायचा तर तो गाण्याच्या वेगाला बांधावा. ६०,००० भागिले वेग म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. त्याची पाऊणपट केली की डॉटेड डिले मिळतो. १२० च्या वेगाला तो ३७५ मिलिसेकंद. बँड क्लिकवर नसेल तर लांब डिले टाळावा, दोन कडव्यांतच तो ड्रमशी भांडू लागतो.

गिटारचा सोलो चालू असताना व्हायोलिनने लांब स्वर धरून ठेवले की सगळं चिखल होतं. त्यापेक्षा गजाच्या मुठीजवळून ‘चॉप’ (गज तारेवर आपटून काढलेला कोरडा ठोका) द्यावा, स्नेअरच्या मधल्या जागांत. त्याने गजाचे केस मुठीपाशी लवकर तुटतात, म्हणून रॉकसाठी कार्बन फायबरचा वेगळा गज ठेवावा. बेंगळुरूच्या स्वरात्मा आणि केरळच्या थैक्कुडम ब्रिजमध्ये व्हायोलिन कुठे बोलतं आणि कुठे थांबतं हे ऐकून पाहण्यासारखं आहे.

कानांची काळजी मंचावर चढण्याआधी घ्यायची असते. ८५ डेसिबल आठ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. त्या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात. व्हायोलिनवादकाचा डावा कान वाद्याला चिकटलेला, तो आधीच जास्त सोसत असतो. सगळ्या कंपनसंख्या सारख्याच कमी करणारे वादकांचे इअरप्लग वापरावेत. इन-इअर मॉनिटर असेल तर दोन्ही कानांत घालावेत. एक काढून ठेवला की उरलेल्याचा आवाज आपण नकळत वाढवतो.

मांडो

आता लय गळ्याची. मांडो ६/४ मध्ये चालतो, पण ओळीच्या शेवटी गायक स्वर धरून ठेवतात आणि घुमटवाला (घुमट म्हणजे मडक्यावर कातडं ताणलेलं तालवाद्य) त्यांच्यासाठी थांबतो. घड्याळासारखं मोजणारा व्हायोलिनवादक इथे सगळ्यांच्या आधी पुढे निघून जातो. मांडोनंतर दुलपद लागतं, ते ६/८ मध्ये आणि चपळ. बदल होतो तो क्षण घुमटाच्या हातावरून कळतो, म्हणून घुमट दिसेल अशा जागी उभं राहावं.

गाणं दोन आवाजांत असतं, बहुतेक तिसऱ्या आणि सहाव्या अंतराने. व्हायोलिनने सुरुवातीला वरची चाल मांडावी आणि गायक आले की त्याच चालीला चिकटून न राहता मधल्या रिकाम्या जागांत बोलावं. स्टीलच्या तारा इथे जरा उघड्या वाटतात. सिंथेटिक गाभ्याच्या तारांचा उबदारपणा दोन आवाजांत चांगला मिसळतो. घुमटाचं कातडं दमट हवेत सैल पडतं आणि ते तापवायला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात दहा मिनिटांनी पुढे जाईल हे धरून चालावं.

पेटीत काय असावं

तारांचा एक पूर्ण संच आणि वर दोन जादा ई तारा, कारण तुटते ती बहुधा तीच. दोन गज. गडद आणि फिका असे दोन रोझिन: दमट दिवसांत फिका, कडक, वातानुकूलित सभागृहात गडद, मऊ. खुंट्यांसाठी पेग पेस्ट. एक जादा घोडी, आपल्याच वाद्यावर आधी बसवून पाहिलेली. सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात दर पंधरवड्याला वाळवलेल्या. ९ व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या, तीन मीटरची केबल, तिचा ताण पिकअपवर येऊ नये म्हणून चिमटा.

मुंबईच्या पावसात गजाचे केस लांबतात आणि स्क्रू पूर्ण फिरवूनही गज ताणला जात नाही. तिथून थेट कोरड्या एसी सभागृहात गेलं की तेच केस आखडतात, स्क्रू सैल करूनही काठी वाकलेलीच राहते, आणि खुंट्या सुटतात. म्हणून सभागृहात तासभर आधी पोचून पेटी उघडी ठेवावी आणि मगच जुळणी करावी. दमट हवेत वाद्याची कड कुठेतरी उघडली आणि वाजवताना भुणभुण ऐकू आली, तर घरी फेविकॉल लावू नये. वाद्याचा मूळ सरस मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, लाकूड फाटण्याऐवजी सांधा सुटावा म्हणून. कारागिराकडे नेलं की काम छोटंच असतं.

व्यवहार आणि बदली वादक

ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावं: पोचायची वेळ, साउंडचेकची वेळ, तालमी किती आणि त्यांचं मानधन वेगळं का, प्रवास आणि जेवण कुणाकडे, कार्यक्रम रद्द झाला तर किती. व्यावसायिक मानधनावर संस्था बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. तो आपल्या पॅनवर जमा झाला का हे तपासत राहावं.

दोन तारखा एकमेकींवर येणारच, म्हणून प्रत्येक कामासाठी बदली वादक आधीपासून माहीत असावा आणि तो पाठवायला चालेल का हे काम घेतानाच विचारून ठेवावं. सिंफनीत ऐन वेळी बदली चालत नाही, कारण तालमी त्याच्या झालेल्या नसतात. नाटकात चालते, पण आपल्या वहीची प्रत किमान तीन दिवस आधी द्यावी लागते, सोबत मागच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण. प्रतीच्या पहिल्या पानावर ऑर्गनचा ए किती हर्ट्झचा आहे, कुठल्या पदाला कुठली जुळणी आणि ‘वन्स मोअर’ कुठून घ्यायचा, या तीन गोष्टी ठळक लिहाव्यात.